खुनाचा पंचनामा आणि चहाची वेळ

वेड्यांच्या इस्पितळाच्या फाटकातून एक मोटार आत वळते आहे. मोटारीत आई आणि तिची तरुण मुलगी. आई म्हणते, ‘तुझ्या वडिलांमध्ये तुला फारसा फरक दिसणार नाही हं.’

ईव्हलिन वॉ या इंग्रज लेखकाची ‘मिस्टर लव्हडेज लिटल आउटिंग’ ही कथा या वाक्याने सुरू होते. वाक्य साधं आहे, पण जरा थांबून पाहा. आई धीर देते आहे, की तक्रार करते आहे? इतक्या वर्षांच्या उपचारांनी काहीच फरक पडला नाही, असं तिला म्हणायचं आहे का? की गृहस्थ घरी होते तेव्हाही असेच होते? थोडं पुढे गेल्यावर कळतं, की या लॉर्डसाहेबांनी गळफास लावून घ्यायचा प्रयत्न केला होता, आणि त्यासाठी दिवस निवडला होता बायकोच्या वार्षिक गार्डन पार्टीचा. बाईंच्या बोलण्यातून जाणवणारी खरी अडचण ती आहे. नवऱ्याने जीव द्यायला निघावं हे एक वेळ ठीक, पण पाहुणे आलेले असताना?

ही कथा १९३५ सालची. लेखक १९६६ साली वारला. ज्या समाजावर तो लिहायचा, तो लॉर्ड-लेडी, बटलर आणि वडिलोपार्जित वाड्यांचा समाज त्याच्या डोळ्यांदेखतच मोडकळीला आला होता. मग या कथा आजही का वाचल्या जातात? प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, कारण खुद्द वॉचं मत याच्या उलट होतं. १९४६ साली ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकात त्याने लिहिलं, की माझी पुस्तकं उपहासात्मक नाहीतच. त्याचं म्हणणं असं, की उपहास ही त्या त्या काळाची गोष्ट असते. समाज स्थिर असावा लागतो, चांगलं काय आणि वाईट काय यावर लोकांचं एकमत असावं लागतं, तेव्हाच त्या रेषेवरून घसरणाऱ्याला हसता येतं. आज तसं काही उरलेलं नाही.

मुद्दा खोटा नाही. वीस वर्षांपूर्वीचं राजकीय व्यंगचित्र आज समोर ठेवलं, तर आधी तो मंत्री कोण, घोटाळा कुठला हे सांगत बसावं लागतं, आणि तोवर हसू पार विरून जातं. त्या हिशेबाने वॉच्या कथाही शिळ्या व्हायला हव्या होत्या. काही झाल्याही आहेत, त्याकडे नंतर येतो. पण चार-पाच कथा अशा आहेत, की इंग्लंडातला तो वर्ग ज्याने कधी पाहिला नाही, त्यालाही त्या चावतात. त्या का चावतात, एवढंच इथे समजून घ्यायचं आहे. शेवट सांगितल्याशिवाय या कथा समजावता येत नाहीत, त्यामुळे ज्यांना आधी कथाच वाचायच्या असतील त्यांनी इथे थांबलेलं बरं.

लेखकाची ओळख थोडक्यात. जन्म १९०३, लंडन. ईव्हलिन हे नाव तिकडे बहुधा बाईचं, त्यामुळे गोंधळ आयुष्यभर सुरू राहिला. त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या एका परीक्षणात त्याचा उल्लेख ‘मिस वॉ’ असा झाला होता. त्यात त्याची पहिली बायकोही ईव्हलिनच. मित्रमंडळींनी एकाला ‘ही-ईव्हलिन’ आणि दुसरीला ‘शी-ईव्हलिन’ म्हणायला सुरुवात केली. लग्न १९२८चं. १९२९ साली ती दुसऱ्या पुरुषासाठी त्याला सोडून गेली. १९३० साली तो कॅथलिक झाला. मध्यंतरी १९२८ साली पहिली कादंबरी आली आणि त्याचं नाव झालं. कथा तो मुख्यतः नियतकालिकांसाठी लिहायचा, त्या काळी मासिकं कथांना पैसे बरे देत म्हणून. त्याने स्वतः कादंबरीला जितकं मानलं तितकं कथेला मानलं नाही. हे जोडकाम होतं. गंमत अशी, की या जोडकामात त्याची हत्यारं जास्त स्वच्छ दिसतात.

आता पुन्हा इस्पितळात जाऊ. मुलीचं नाव अँजेला. वडिलांची देखभाल करणारा, त्यांची टिपणं काढणारा मिस्टर लव्हडे तिला तिथे भेटतो. पांढरे केस, मवाळ स्वभाव, अत्यंत मदत करणारा माणूस. तिला वाटतं, हा इथला कर्मचारी. नंतर समजतं, तोही रुग्णच आहे, पस्तीस वर्षांपासून. डॉक्टर बोलण्याच्या ओघात सांगून जातो, की तरुणपणी त्याने एका अनोळखी मुलीला सायकलवरून पाडून गळा दाबून मारलं होतं. लगेच स्वतःहून हजर झाला. आता अगदी निर्धोक आहे, खरं तर कधीच सोडता आला असता, पण त्याच्यासाठी खटपट करणारं कुणी नाही, आणि इथे सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली आहे.

अँजेलाला हे सहन होत नाही. ती पुस्तकं काढून वेड्यांसंबंधीचे कायदे वाचते, ओळखी वापरते, आणि लव्हडेची सुटका करवते. त्याची एकच छोटी इच्छा असते, बाहेर जाऊन एक गोष्ट करायची. काय, ते तो सांगत नाही. निरोपाचा समारंभ होतो, तो चार गोड शब्द बोलतो आणि निघतो. दोन तासांत परत येतो. म्हणतो, झालं माझं. आता निवांतपणे इथल्या कामाला लागतो.

शेवटच्या परिच्छेदात अशी माहिती मिळते: इस्पितळाच्या फाटकापासून अर्ध्या मैलावर एक टाकून दिलेली सायकल सापडली. सायकल लेडीज होती, बऱ्यापैकी जुनी. जवळच्या चरात गळा दाबलेल्या तरुणीचं प्रेत होतं. ती चहाच्या वेळेला घरी निघाली होती.

मराठीत याला एकच शब्द आहे: पंचनामा. अमुक अंतरावर, अमुक वस्तू, अमुक अवस्थेत. सायकल जुनी होती हे सांगायची काही गरज होती का? नव्हती. पण पंचनाम्यात ते लिहितातच. वॉची सगळी ताकद या भाषेत आहे. ‘भयंकर’, ‘दुर्दैवी’, ‘बिचारी’ यातलं काहीही तो लिहीत नाही. दुसरा एखादा लेखक असता तर तिथे अँजेलाचा पांढराफटक पडलेला चेहरा दाखवला असता, म्हणजे वाचकाला कळलं असतं की आपणही आता हादरायचं आहे. इथे अँजेला नाहीच. हादरायचं काम पूर्णपणे वाचकावर सोडलेलं आहे, आणि तेही तो हसत असताना. हसू आलंच आहे, ते मागे घेता येत नाही. त्याच क्षणी आपल्याला स्वतःची थोडी शरम वाटते. ही शरम लॉर्ड लोकांच्या माहितीवर अवलंबून नाही. म्हणून ती शिळी होत नाही.

या पंचनाम्याच्या भाषेत आणखी एक युक्ती दडलेली आहे. महत्त्वाची गोष्ट तो बिनमहत्त्वाच्या गोष्टींच्या रांगेत उभी करतो. सायकलचा उल्लेख आधी येऊन गेलेला असतो. डॉक्टर तो असा करतो, जणू हवापाण्याबद्दल बोलतोय. वाचकापासून काहीच लपवलेलं नसतं. रहस्यकथेत लेखक माहिती दडवतो. वॉ ती टेबलावर ठेवतो आणि आपल्याशी दुसऱ्याच विषयावर बोलत राहतो.

एक जाता जाता. ही कथा प्रथम छापली गेली तेव्हा त्या खुनी म्हाताऱ्याचं आडनाव लव्हडे नव्हतं, क्रटवेल होतं. क्रटवेल हे ऑक्सफर्डच्या हर्टफर्ड कॉलेजात वॉचे शिक्षक, इतिहासाचे. दोघांचं हाडवैर. पुढे वर्षानुवर्षं वॉने आपल्या गोष्टींतल्या फालतू, भुरट्या, लुच्च्या पात्रांना हे आडनाव बहाल केलं. हे गृहस्थ १९४१ साली खरोखरच मनोरुग्णालयात वारले. तेव्हापासून त्या मूळ शीर्षकाकडे पाहून हसणं जरा जड जातं. वॉ मनाचा मोठा माणूस नव्हता, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करायला हरकत नाही.

‘बेला फ्लीस गेव्ह अ पार्टी’ ही १९३२ची कथा माझ्या मते त्याची सर्वांत चांगली. जागा आयर्लंड. तिथे इंग्रज वंशाच्या जमीनदारांचा एक वर्ग होता, आणि देश स्वतंत्र झाल्यावर त्यांचे वाडे राहिले, रुबाब गेला. बेला अशीच ऐंशी ओलांडलेली, एकटी म्हातारी. पश्चात सगळं लांबच्या एका नातलगाला जाणार, आणि घरातल्या जुन्या पुस्तकांवर त्याची नजर आहे असा तिला संशय येतो. मग ती ती दुर्मिळ पुस्तकंच विकून टाकते आणि त्या पैशातून जंगी मेजवानी ठरवते. रंगरंगोटी होते, वाडा उजळतो, वादक येतात, जेवणाची तयारी होते. सर्वांत रंगलेलं काम म्हणजे निमंत्रितांची यादी. कोण आपल्यातलं, कोण नाही, कुणाचा बाप कापड विकायचा. पत्ते ती स्वतः, हाताने लिहिते.

रात्र होते. दिवे लागतात. कुणीही येत नाही. बऱ्याच वेळाने दोन बायका दारात उभ्या राहतात, आणि नेमक्या त्या दोघी यादीतून मुद्दाम वगळलेल्या. म्हातारी त्यांना ऐकवते, की तुम्हाला बोलावणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती मरते. नातलग सामान आवरायला येतो, तेव्हा तिच्या लिहायच्या मेजात त्याला सगळी निमंत्रणं सापडतात. पत्ते घातलेली, तिकिटं लावलेली, पोस्टात न टाकलेली.

ज्याच्या घरी एकदा तरी लग्नकार्य झालं आहे, त्याला या शेवटाबद्दल काहीही समजावून सांगायला नको. ‘पत्रिका पोचली ना?’ हा प्रश्न आपण उगाच चार-चारदा विचारत नाही. पण कथेतली खरी मेख वेगळीच आहे. दिवे लावून बसलेल्या त्या घरात बेला ज्यांना हाकलते, तेवढीच दोन माणसं तिच्याकडे आली होती. ज्या चाळणीने तिने यादी गाळली, त्या चाळणीतून शेवटी कुणीच खाली पडलं नाही. यावर वॉ एका शब्दाने बोट ठेवत नाही. पुन्हा पंचनामा: मेज, पाकिटं, तिकिटं.

इथे त्याच्या कथांमधला समान धागा हाती लागतो. त्याच्या माणसांचा घात कुठल्या खलनायकामुळे होत नाही; तो चांगल्या वागण्यामुळे होतो. अँजेलाचा कळवळा खरा आहे. बेलाचा पाहुणचार खरा आहे. लव्हडेची नम्रता तर शंभर टक्के खरी आहे. रीतभात सगळीकडे जागच्या जागी आहे, फक्त तिच्या आत माणसाकडे लक्ष कुणाचंच नाही. लव्हडेला बाहेर काय करायचं आहे, हे विचारणं अँजेलाला सुचत नाही, कारण तिचं सगळं लक्ष स्वतःच्या चांगुलपणावर आहे.

आणि चांगलं वागणं किती भीतिदायक असू शकतं, हे पाहायचं तर ‘द मॅन हू लाइक्ड डिकन्स’.

या कथेचा उगमही पाहण्यासारखा. १९३२च्या अखेरीस वॉ दक्षिण अमेरिकेत, तेव्हाच्या ब्रिटिश गयानात भटकायला गेला. तिथल्या माळरानावर एकाकी राहणारा ख्रिस्ती नावाचाच एक म्हातारा त्याला भेटला, धर्मवेडा. तो म्हणाला, तुम्ही येणार हे मला दृष्टांतात दिसलं होतं. कोणत्या रूपात? तर गोड सुरांच्या हार्मोनियमच्या! पुढे ब्राझीलमधल्या बोआ व्हिस्टा या गावात नावेची वाट पाहत वॉ अडकून पडला. करायला काही नव्हतं. मनात विचार घोळत होता, की त्या म्हाताऱ्याने मनात आणलं असतं तर त्याला मला कायमचं ठेवून घेणं किती सोपं होतं. तिथेच त्याने ही कथा लिहिली.

कथेतला हेन्टी बायकोच्या प्रकरणाने दुखावून एका मोहिमेबरोबर अ‍ॅमेझॉनच्या जंगलात येतो. मोहीम उधळते, तो तापाने फणफणत भरकटतो आणि मॅकमास्टर नावाच्या म्हाताऱ्याच्या वस्तीवर पोचतो. म्हातारा औषधं देऊन त्याला बरा करतो. म्हाताऱ्याकडे चार्ल्स डिकन्स या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्या आहेत, पण त्याला स्वतःला वाचता येत नाही. रोज दुपारी थोडं वाचून दाखवाल का? जीव वाचवणाऱ्याला कोण नाही म्हणेल? करुण प्रसंगांना म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. त्याचं मन मोठं हळवं आहे. हेन्टी परतीचं विचारतो, तेव्हा तो गोड बोलून विषय पुढे ढकलतो. नाव बांधायची तर गावकऱ्यांनी, आणि गावकरी म्हाताऱ्याचं ऐकतात. बंदूकही त्याच्याकडेच. आधी एक वाचणारा होता, त्याची कबर तिथेच आहे.

एकदा एका सणाच्या निमित्ताने तो हेन्टीला काहीतरी पाजतो. हेन्टी दोन दिवस झोपून राहतो. उठल्यावर म्हातारा सांगतो, अरेरे, पाहुणे येऊन गेले, तुम्हालाच शोधत होते. तुम्हाला उठवणं बरं वाटलं नाही. आठवण म्हणून तुमचं घड्याळ दिलं त्यांना. आणि त्या कबरीवरचा क्रूस त्यांना आवडला. आज राहू द्या, तुम्हाला बरं नाही. उद्या वाचू. परवा वाचू. त्याच्या पुढच्या दिवशीही.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आवाज एकदाही चढत नाही. धमकी आहे, पण ती शब्दशः कुठे दाखवता येणार नाही. प्रत्येक वाक्य कोणत्याही सुसंस्कृत दिवाणखान्यात बोलता यावं असं आहे.

डिकन्सच का, याचं उत्तर वॉच्या घरात सापडतं. त्याचे वडील आर्थर वॉ हे ‘चॅपमन अँड हॉल’ या प्रकाशनसंस्थेचे प्रमुख होते, आणि ही संस्था म्हणजे डिकन्सची प्रकाशक. वडिलांना संध्याकाळी घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवायची भारी हौस. वडील हळवे, नाटकी, डोळ्यांत पाणी आणणारे, मुलगा कोरडा. जन्मठेपेची शिक्षा म्हणून डिकन्सवाचन योजणं हे त्या मुलाचं उत्तर असावं, असा माझा तरी समज आहे. ज्या साहित्याने माणूस दयाळू होतो असं आपण मानतो, ते ऐकून रडणारा माणूसच इथे तुरुंगाचा रखवालदार आहे.

हा कोरडेपणा आला कुठून? काही अंशी सिनेमातून. ऑक्सफर्ड सोडल्यावर मित्रांना घेऊन त्याने एक हौशी मूकपट काढला होता, आणि १९२६च्या ‘द बॅलन्स’ या कथेत पटकथेसारखी मांडणी केली होती. कॅमेरा दाखवतो, मत देत नाही. पण माझ्या मते मोठं कारण त्याची श्रद्धा. वरवर हे उलटं वाटेल. धर्मनिष्ठ माणसाने उपदेश करावा, नाही का? वॉची समजूत मात्र अशी होती, की माणूस मुळातच पतित आहे. ज्याला हे मनापासून पटलेलं आहे, त्याला दुष्टपणाचं नवल वाटत नाही. नवल नसलं की आरडाओरडाही नसतो. फक्त नोंद उरते. आणि श्रद्धा दिखाऊ नव्हती. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या निधनाला चारशे वर्षं झाली म्हणून १९५२च्या डिसेंबरात त्यांच्या अवशेषांचं दर्शन ठेवलं होतं, तेव्हा हा गृहस्थ थेट गोव्यात आला होता आणि त्यावर त्याने लेखही लिहिला. पोर्तुगीज अमलातलं ते जुनं गोवे, दर्शनाची ती गर्दी, आणि त्यात हा जाडजूड, चिडखोर इंग्रज यात्रेकरू. मला तर हे दृश्य त्याच्याच एखाद्या कथेतलं वाटतं.

आता शिळ्या झालेल्या कथांबद्दल. १९५३ची ‘लव्ह अमंग द रुइन्स’ घ्या. पुढच्या काळातलं इंग्लंड. सरकार सगळ्यांचं सगळं पाहतं, तुरुंग हीच राहायला सर्वांत छान जागा, आणि सरकारी सेवांपैकी लोकांची झुंबड फक्त इच्छामरणाच्या केंद्रावर. कल्पना झकास आहेत. पण इथे वॉला राग आलेला आहे आणि तो दिसतो. युद्धानंतरच्या मजूर पक्षाच्या सरकारवरचा तो राग, आणि ते सरकार कोण हे माहीत नसेल तर अर्धे टोले हवेत जातात. त्याने स्वतः सांगितलेला नियम त्याच्याच कथेला लागू पडतो. पंचनाम्याऐवजी इथे फिर्याद आहे.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका त्याच्या लेखनात येतात, पण तिथली माणसं बहुधा नेपथ्यासारखी येतात. मॅकमास्टरच्या वस्तीवरचे आदिवासी नाव बांधू शकतात की नाही याला कथेत महत्त्व आहे, त्यांना काय वाटतं याला नाही. १९३५-३६ साली मुसोलिनीने अ‍ॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, केलेल्या आक्रमणाची या माणसाने बाजू घेतली होती. हे ‘त्या काळी सगळेच असे होते’ म्हणून झटकता येत नाही, कारण सगळे तसे नव्हते. माझ्यापुरतं सांगतो: इंग्रज माणूस इंग्रज माणसाला खातो तेव्हा वॉ अचूक असतो. नजर त्यापलीकडे गेली की तोच आपल्या पात्रांसारखा होतो, समोरच्याकडे लक्ष नसलेला.

त्याला मराठीत आणणं कठीण आहे, हे सुरुवातीच्या त्या एका वाक्यावरून कळलं. ‘फारसा फरक दिसणार नाही’ लिहिलं तर उपरोध ऐकू येत नाही. ‘अगदी तस्सेच आहेत’ लिहिलं तर फारच ऐकू येतो. मी ‘हं’ जोडून पाहिलं. त्या ‘हं’मध्ये थोडा लाड आहे, थोडी ताकीद. आउटिंगचं मात्र काहीही करायला नको. आपल्याकडेही रविवारी लोक आउटिंगलाच जातात.

ज्याला हेन्टीचा शेवट सोसत नाही, त्याच्यासाठी एक पर्यायी शेवटही छापलेला आहे. कथा लिहून झाल्यावर वॉला प्रश्न पडला, हा माणूस त्या जंगलापर्यंत पोचला कसा? त्या शोधातून १९३४ची ‘अ हँडफुल ऑफ डस्ट’ ही कादंबरी झाली आणि जंगलातली कथा तिचा शेवट बनली. पण अमेरिकेतल्या एका मासिकाला कादंबरी क्रमशः छापायची होती आणि कथा तर आधीच छापून गेली होती. म्हणून वॉने त्यांच्यासाठी दुसरा शेवट लिहून दिला. यात नायक जंगलात अडकत नाही. सहल करून सुखरूप परत येतो, बायकोही परत आलेली असते. तिच्या त्या प्रकरणासाठी लंडनमध्ये घेतलेला फ्लॅट आता सोडून द्यायचा, असं ठरतं. ते काम नवरा अंगावर घेतो. रात्रीच्या गाडीने दोघं गावी निघतात, तेव्हा ती विचारते, सोडला ना फ्लॅट? तो म्हणतो, हो, झालं सगळं.

फ्लॅट त्याने सोडलेला नाही. स्वतःसाठी ठेवला आहे.